घेरी थांबली, तरी तात्या ओसरीवरून उतरेनात



साठी-सत्तरी ओलांडलेले एखादे माणूस तुमच्याही घरात असेल. कालपरवापर्यंत पहाटे उठून गोठ्यात जाणारे, पाटाचे पाणी कोणत्या सरीत अडले ते बांधावरून नुसते पाहून सांगणारे. हल्ली ते ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसते. विचारले तर एवढेच म्हणते, "गरगरतंय." दवाखाने झाले, गोळ्या झाल्या, सलाईन झाले. कुणी दृष्ट काढली, कुणी उतारा टाकला. शेवटी घर म्हणते, "वय झालं, चालायचंच." आणि ते माणूस दिवसेंदिवस अधिकच गप्प होत जाते.

ह्या गप्प होण्याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु आमच्या धंद्यात बियाणे-खतांच्या गोष्टी आटोपल्या, की चहाबरोबर घरची दुखणी निघतात. तशी एक हकीकत मी जवळून पाहिली, आणि तिच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून विचारून काही गोष्टी समजून घेतल्या. त्या तुमच्यापुढे ठेवतो.

फलटणच्या बाजूच्या एका गावात माझे जाणे-येणे आहे. तिथल्या एका तात्यांच्या घरी २०२२ साली शिमग्यानंतर शाळूच्या कडब्याची गंजी रचायचे काम निघाले. तात्यांचे वय तेव्हा बहात्तर. गंजी रचण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही. धाकटा मुलगा वर होता आणि तात्या खालून पेंढ्या फेकत होते. एक पेंढी फेकून त्यांनी मान वर केली, तोच आभाळ फिरले. तात्या मटकन खाली बसले. ओकारी झाली. मिनिटभरात सारे शांत झाले. पण त्याच रात्री ते उजव्या कुशीवर वळले, तसे घर पुन्हा गरगरले. मला म्हणाले, "साहेब, खाट उलटी झाली असं वाटलं. दोन्ही हातांनी खाट धरून पडून राहिलो."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी इंजेक्शन आणि चकरेची गोळी झाली. गुण येईना, म्हणून पुण्याला नेऊन डोक्याचा एमआरआय काढला. एक पाडी विकली, तिचे पैसे त्यात गेले. रिपोर्ट आला, मेंदूत काही दोष नाही. खरे तर घराने सुटकेचा श्वास टाकायचा. पण तात्यांचे दुखणे तिथून पुढे वाढले. मशिनीत काही निघाले नाही म्हणजे म्हातारा सोंग करतो, असा अर्थ भावकीने काढला. आणि तात्यांनी मनात उलटा अर्थ काढला. काही तरी मोठे आहे आणि ही पोरे आपल्यापासून लपवतात!

मग त्यांनी एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. गंजी सुटली, विहिरीच्या पायऱ्या सुटल्या, मळ्याची वाट सुटली. बाजारात गर्दी डोळ्यांपुढून सरकली की पोटात कालवायचे, म्हणून बाजार सुटला. न्हाव्यापुढे मान मागे टाकायची धास्ती, म्हणून दाढी वाढली. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नव्हती. २०२२ ला माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करीत पुन्हा फलटणला आली, तेव्हा सारे गाव दर्शनाला लोटले. तात्या मात्र घरी. "गर्दीत पडलो तर तुडवला जाईन," म्हणाले. त्यांच्या कारभारणीने मला सांगितले, "त्या दिशी ह्यांनी ताटाला हात लावला नाही. माळ हातात धरून भिंतीकडं तोंड करून निजले."

घरची माणसे वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. उलट फार मायेची. "तात्या, तुम्ही बसा," हा त्या घरातला मंत्रच झाला. सून तांब्या-भांडे हातात देई. मुलाने दूध घालायला जायचे काम काढून घेतले, मग डेअरीचे पुस्तकही घेतले. एकदा मी उसाच्या नव्या बेण्याची गोष्ट काढली. ह्याच तात्यांनी एके काळी बेण्याच्या डोळ्यांवरून माझ्याशी तासभर वाद घातला होता. आता नुसते माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, आता आपलं काय राहिलंय!"

रांजणातला खडा

२०२३ च्या उन्हाळ्यात त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी यंत्र काही लावले नाही. तात्यांना बाकावर बसवून मान उजवीकडे वळवली आणि तशीच धरून त्यांना झटकन पाठीवर निजवले. घेरी आली, आणि डोळ्यांची बुबुळे ठराविक लयीत हिसके देऊ लागली. "सापडलं," बाई म्हणाल्या. ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक ह्या दोघांनी १९५२ साली मांडलेली आहे. तिला एक बाक आणि दोन जाणते हात पुरतात.

झाले होते काय? आपण समपातळी बांध आखताना रबरी नळीत पाणी भरून पातळी बघतो ना, तशीच सोय देवाने प्रत्येक कानात आत खोलवर केली आहे. अर्धवर्तुळाकार तीन नळ्या, त्यांत पाणी. डोके हलले की पाणी हलते आणि मेंदूला कळते की डोके अमुक बाजूला वळले. शेजारच्या एका पिशवीत अगदी बारीक कण असतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत असते त्याच द्रव्याचे. उतारवयात हे कण सुटून नळीत शिरतात. कूस बदलली, मान वर केली, की कण घरंगळतात, पाणी ढवळते आणि डोके स्थिर असूनही मेंदूला ते फिरते आहे असे वाटते. कण खाली बसले की घेरी थांबते. म्हणून ही घेरी सहसा मिनिटभराच्या आतली. घेरीच्या कारणांत हे कारण सर्वात जास्त आढळते. एमआरआयमध्ये हे कण दिसत नाहीत. म्हणजे रिपोर्टही खरा होता आणि तात्याही खरे होते!

ह्यावर उपाय असा, की रांजणातला खडा रांजण कलवून कलवून तोंडाशी आणावा, तसे डोके ठराविक क्रमाने वळवून तो कण नळीतून बाहेर काढायचा. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली ह्यांची ही युक्ती. १९९२ साली त्यांनी ती सविस्तर छापली. तात्यांना दोन खेपांत गुण आला. पहिल्यांदा हा प्रयोग जाणत्याकडूनच करून घ्यावा, आणि मानेचे दुखणे असेल तर आधी सांगावे. घेरी पुढे कधी उलटू शकते. तेव्हा पुन्हा तोच उपाय करता येतो.

घेरीला सोंग म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती देऊन ठेवतो. रॉबर्ट बारानी नावाचे एक डॉक्टर व्हिएन्नामध्ये होते. कान धुताना पाणी फार गार किंवा फार ऊन असले की रोग्याला घेरी येते आणि बुबुळे हिसके देतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याचा माग काढीत त्यांनी कानातल्या तोलाचे शास्त्र उभे केले. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते जाहीर झाले तेव्हा हे गृहस्थ रशियाच्या कैदेत युद्धकैदी म्हणून होते.

पान पिवळे पडले की

पण प्रत्येक चक्कर कानाची नसते. पान पिवळे पडलेले दिसले की मी लगेच युरिया टाका म्हणत नाही. नत्र कमी असेल, लोह कमी असेल, पाणी साचून मूळ कुजले असेल. चक्करही तशीच आहे. ती खूण आहे, रोग वेगळा शोधावा लागतो.

उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, बसले की बरे वाटते, अशी तक्रार असेल तर रक्तदाब निजवून मोजावा आणि उभे करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर डॉक्टरांना कारण शोधता येते. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी सुटी होण्यासाठी पुरुषांना देतात त्या गोळ्या, ही कारणे त्यात येतात. आणि एक कारण घराघरांत आहे. रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून म्हातारी माणसे पाणीच कमी पितात! मधुमेहाची गोळी घेऊन जेवण लांबले तर साखर उतरते. रक्त कमी असणे, बी-१२ जीवनसत्त्व कमी असणे, डोळ्यांत मोतीबिंदू, ही सारी तपासून घेण्यासारखी आहेत. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. तीन दवाखान्यांच्या तीन चिठ्ठ्या पहिल्यांदाच एका माणसाच्या नजरेखाली येतील.

त्या पिशवीत चकरेची गोळी महिनोन् महिने चालू असलेली दिसेल. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ह्यांसारखी औषधे चार दिवसांच्या जोरदार घेरीत उपयोगी पडतात. पण म्हाताऱ्या माणसाने ती दीर्घकाळ घेतली तर हात कापणे, चाल मंदावणे, अंग ताठणे असा कंपवातासारखा त्रास होऊ शकतो. सिनारिझिनने मनही खचू शकते. शिवाय मेंदूला नवा तोल शिकू देण्यात ही औषधे आडवी येतात. तात्यांची गोळी वर्षभर चालू होती. ती सुरू ठेवा असे कुणी सांगितले नव्हते आणि बंद करा असेही कुणी सांगितले नव्हते. दुकानदार पाकीट देत होता, मुलगा आणत होता.

मात्र चक्करेबरोबर तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, एकाची दोन दिसू लागली, कधी नव्हे इतके डोके दुखले किंवा उभेच राहता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात न्या. छातीत दुखून किंवा शुद्ध हरपून चक्कर आली तरी तेच.

घेरी गेली, मग उरले काय?

आता मूळ गोष्टीकडे येतो. दुसऱ्या खेपेनंतर तात्यांची घेरी थांबली. कुशीवर वळले तरी घर फिरेना. मुलाने पेढे वाटले. पण तात्या ओसरीवरून उतरेनात! विचारले तर म्हणत, "फिरत नाही आता. पण तरंगल्यासारखं होतं. पायाखालची भुई गादीसारखी वाटते. उभं राहिलं की भ्या वाटतं." घरच्यांचा धीर सुटत चालला. दुखणे गेले, आता हे काय नवे?

डॉक्टरीणबाईंनी समजावले ते असे. मेंदूत तोल सांभाळणाऱ्या केंद्रांचे आणि भीतीच्या केंद्रांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. ते योग्यच आहे. कड्याच्या टोकाशी पाय सरकला की छातीत धस्स झालेच पाहिजे, नाही तर माणूस वाचणार कसे? पण ज्याला वर्षभर जमीन फिरताना दिसली, त्याची भीती जागीच राहते. तो प्रत्येक पाऊल शेवाळल्या फरशीवर टाकल्यासारखे टाकतो. मान ताठ, पाय ताठ, नजर खाली. अशाने तोल सुधारण्याऐवजी बिघडतो. छाती धडधडते, श्वास भराभर होतो आणि भराभर श्वासाने पुन्हा डोके हलके होते. म्हणजे चकरेने भीती आणली आणि आता भीती चक्कर आणते आहे.

तीन महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस असे तरंगल्यासारखे वाटणे, उभे राहिल्यावर, चालताना आणि गर्दीत किंवा एसटीच्या खिडकीबाहेर झाडे पळताना ते वाढणे, ह्याला डॉक्टर पीपीपीडी म्हणतात. बारानींच्या नावाने असलेल्या जागतिक वैद्यक संस्थेने २०१७ साली ह्याची लक्षणे ठरवून दिली. नाव अवघड आहे, ते लक्षात ठेवायची गरज नाही. हे दुखणे खरे आहे आणि त्याला उपचार आहे, एवढे लक्षात ठेवा.

सक्तीची विश्रांती इथे का बाधते, हेही बाईंनी सांगितले. मला ते बैलजोडीवरून पटले. दोन कान म्हणजे जुवाला जुंपलेले दोन बैल. एक लंगडला की गाडी एका अंगाला ओढते. हुशार गाडीवान कासरा आवळून-सैल सोडून ती पुन्हा सरळ करतो, पण गाडी चालू असेल तरच! गाडी गोठ्यात उभी ठेवून कुणी हाकायला शिकत नाही. मेंदू हा गाडीवान आहे. माणूस हलले-फिरले तर तो नवा तोल शिकतो. बसवून ठेवले तर शिकत नाही, शिवाय मांड्यांचे बळ जाते, आणि ज्या पडण्याची धास्ती घेतली ते पडणेच जवळ येते.

धास्तीच्या मागून येते ते दुःख

ही धास्ती लांबली की तिच्या मागून दुसरे दुखणे दबक्या पावलांनी येते. मन खचते. म्हाताऱ्या शेतकऱ्याचे सारे असणे त्याच्या कामात असते. काम गेले की तो स्वतःच्या नजरेत उतरतो. म्हातारी बाई असेल तर चूल, नातवंडे, हरिपाठाला जाणे, लेकीकडे चार दिवस राहून येणे हे सुटते. माझ्या माहितीतल्या एक आजी चक्कर येते हे सांगतच नसत, कारण सांगितले तर मुलगा लेकीकडे पाठवणार नाही! त्या भिंत धरून चालत आणि कुणी पाहिले की भिंत पुसल्यासारखे करीत.

म्हातारी माणसे "मी दुःखी आहे" असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, भूक नाही, झोप नाही, अंगात शक्ती नाही. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. आवडीचा माणूस आला तरी चेहरा उजळत नाही. विसरभोळेपणा वाढतो. उगाच चिडतात, किंवा मुळीच चिडत नाहीत. "मी तुम्हाला ओझं झालो" हे वाक्य पुन्हा पुन्हा येते. अशा खुणा दोन आठवडे दिवसाचा बराच वेळ टिकल्या, तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. ते नैराश्याचे दुखणे असू शकते, आणि सत्तरीतही त्याला औषधाने व बोलण्याने उतार पडतो.

आता एक गोष्ट शेतीखात्याचा माणूस म्हणून सांगतो, आणि ती मऊ करून सांगणार नाही. फवारणीची औषधे कुलपात ठेवा, असे आम्ही बैठकीत सांगतो तेव्हा तुम्हाला वाटते ते लहान मुलांसाठी. ते खचलेल्या मोठ्या माणसासाठीही आहे. ज्या घरात असे माणूस आहे, तिथे औषधाचा डबा पडवीच्या वळचणीला, खाटेखाली किंवा गोठ्याच्या कोनाड्यात नको. पेटीला कुलूप घाला आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असू द्या. उरलेले औषध साठवून ठेवू नका. हंगामाला लागेल तेवढेच आणा. घरातल्या गोळ्यांची पाकिटेही एकाच्या ताब्यात ठेवा. वाईट क्षण येतो तो बहुधा टिकत नाही. त्या क्षणी हाताशी काही नसले तर माणूस राहते.

आणि विचारा. "तात्या, जगणं नको असं वाटतं का?" असे सरळ, जवळ बसून विचारावे. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. तात्यांना हा प्रश्न त्यांच्या थोरल्या लेकीने विचारला, दिवाळीला आली तेव्हा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाटतं कधी कधी." लेक त्या रात्री त्यांच्या खाटेशेजारी निजली, भावाला सांगून औषधाच्या पेटीला कुलूप लावून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार तज्ज्ञांकडे घेऊन गेली. उत्तर 'हो' आले तर माणसाला एकटे सोडू नये आणि डॉक्टर गाठण्यात दिवस घालवू नये. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री फोन लागतो, मराठीतून बोलता येते. घरच्यांनीही फोन करून विचारायला हरकत नाही.

मनाच्या डॉक्टरांकडे जायचे म्हटल्यावर तात्या आडून बसले होते. "मी येडा हाय का?" लेकीने उत्तर दिले, "येडं नाही, पण तुमची झोप उडालीय. झोपेच्या डॉक्टरला दाखवू." हे थोडेसे खोटे मला गैर वाटले नाही. डॉक्टरांनी जे औषध दिले त्याची सवय लागत नाही. पण गुण यायला काही आठवडे लागतात, हे घराला माहीत हवे. नाही तर आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून औषध बंद होते. बरे वाटले तरी ते एकदम सोडायचे नसते. काही म्हाताऱ्या माणसांत सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातले सोडियम उतरू शकते. बोलण्यात घोळ होऊ लागला किंवा फार गुंगी आली तर लगेच कळवावे. झोपेच्या गोळ्यांचे मात्र उलट आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळीची सवयही लागते आणि रात्री उठताना तोलही जातो. शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका.

घरात काय केले

तोलाचा व्यायाम फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी शिकवला. असे व्यायाम इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुकसी ह्या डॉक्टरांनी १९४० च्या दशकात बसवले. दिसायला पोरखेळ आहे. सुनेने ओसरीच्या भिंतीवर तात्यांच्या डोळ्यांसमोर कुंकवाचे एक बोट उमटवले. त्या ठिपक्यावर नजर रोखून डोके हळूहळू डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली. नजर हलू द्यायची नाही. आधी बसून, काही दिवसांनी भिंतीजवळ उभे राहून, मग चालताना. व्यायाम करताना थोडे गरगरते, ते अपेक्षितच आहे. मेंदू त्यातूनच शिकतो. ओकारी होईल इतके मात्र नको. नातू सातवीत होता, त्याने हे काम अंगावर घेतले आणि मास्तरसारखी हजेरी मांडली. म्हाताऱ्याला मुलाचे ऐकणे जड जाते, नातवाचे जात नाही.

घरात थोडी उलथापालथ केली. न्हाणीतला गुळगुळीत दगड काढला. उंबऱ्याशी आणि संडासाच्या वाटेवर रात्रभर बारीक दिवा ठेवला, कारण कानाचा तोल कमी असलेला माणूस अंधारात अधिक चाचपडतो. उठताना घाई नाही: आधी कुशीवर, मग पाय सोडून खाटेच्या कडेला दोन मिनिटे, मग उभे. जीव घाबरला की नाकाने श्वास घेऊन ओठ चंबूसारखे करून तो सावकाश सोडायचा, गरम चहावर फुंकर घालतो तसा.

पण माझ्या मते खरा गुण आला तो डेअरीचे पुस्तक परत हातात दिल्यामुळे. हे डॉक्टरांचे मत नव्हे, माझे आहे. सुनेला कळून चुकले की 'तुम्ही बसा' हे वाक्य बंद केले पाहिजे. त्याऐवजी ती म्हणू लागली, "मामंजी, मी जरा मागं राहते, तुम्ही चला." फरक लहान दिसतो. पहिल्या वाक्यात माणूस खाटेवर जातो आणि दुसऱ्यात गोठ्यात. आधी गोठ्यापर्यंत, मग दारच्या लिंबापर्यंत, मग नातवाबरोबर डेअरीपर्यंत. वाटेत गरगरले तर परत पळायचे नाही. तिथेच काठी टेकून थांबायचे, निवले की पुढे दहा पावले जाऊनच मागे वळायचे. "तुम्हाला काही झालं नाही" असे घरात कुणी म्हणायचे नाही, असेही ठरले. चक्कर येते हे खरे, भीती वाटते हेही खरे, आणि तरी चालायचे.

२०२४ च्या आषाढात पालखी आली, तेव्हा तात्या गावापासून पालखीच्या वाटेपर्यंत कोसभर चालले. गर्दीत शिरले नाहीत. कडेला एका बाभळीला हात लावून उभे राहिले आणि दर्शन घेतले. मधल्या हिवाळ्यात दोनदा पुन्हा मन उतरले होते, औषध अजून चालू आहे, आणि आभाळ भरून आले की डोके जड होते म्हणतात.

गंजीवर ते चढत नाहीत, चढूही नये. खाली खाटेवर बसून पेंढ्या मोजतात, आणि मुलाने एखादा थर कच्चा लावला की तो उतरवून पुन्हा रचायला लावतात.